मॅक्रो लेन्स घ्यायचीय? फोकल लेंथच्या आधी समोरची जागा मोजा

मॅक्रो लेन्सची, म्हणजे छोट्या वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सची, चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फोकल लेंथ ६० मिमीची घेऊ, ९० घेऊ की १०५? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा. त्याआधी दोन आकडे हाताशी हवेत. ज्याचा फोटो काढायचा ती वस्तू किती मिलिमीटरची आहे, आणि अगदी जवळ जाऊन फोकस केल्यावर लेन्सच्या पुढच्या काचेपासून त्या वस्तूपर्यंत किती मोकळी जागा उरते. पहिला आकडा साध्या पट्टीने कळतो. दुसरा सहसा डब्यावर छापलेला नसतो, आणि बहुतेक फसलेल्या खरेद्यांच्या मुळाशी तोच असतो.

वस्तू केवढी?

१:१ म्हणजे सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूच्याच आकाराची; १:२ म्हणजे तिच्या निम्मी, ०.५ पट. या प्रमाणालाच मॅग्निफिकेशन म्हणतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा, त्यामुळे १:१ला फ्रेममध्ये तेवढीच जागा मावते. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं आहे. आडव्या फ्रेममध्ये ते वरखाली कापलं जाणार. निकॉन, सोनी आणि फुजीच्या छोट्या सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यांत फ्रेमची रुंदी साधारण २३.५ मिमी, कॅननच्या एपीएस-सीत २२.३ आणि त्याहून छोट्या सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्समध्ये १७.३ मिमी.

आता ७ मिमी लांबीचा, उडी मारणारा कोळी समोर धरा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर १:१ला तो फ्रेमचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो, म्हणजे आडवे साधारण ११५० पिक्सेल. तेवढ्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर तोच कोळी १७५०च्या वर जातो आणि २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर २१०० पिक्सेलच्या आसपास. मॅग्निफिकेशन तिन्हीकडे सारखंच, १:१. फरक पडतो तो पिक्सेल किती दाटीने बसवलेत त्याचा. तेव्हा केवळ किडे आणि कोळी टिपायचे असतील, तर ‘मॅक्रोसाठी आधी फुल फ्रेम घ्या’ हा सल्ला बिनधास्त कानाआड करा.

उलट टोकाचं उदाहरण महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचं. ब्लू मॉरमॉनच्या पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंमी. पंख पसरून बसलेलं ते फुलपाखरू फुल फ्रेममध्ये बसवायला १:४ पुरतं. त्यासाठी मॅक्रो लेन्स लागतच नाही. कॅननच्या ईएफ १००-४०० मिमी मार्क २ या टेलिझूमला (लांबचं टिपणाऱ्या झूम लेन्सला) ०.९८ मीटरवरून ०.३१ पट मिळतं आणि फुलपाखरूही उडत नाही. चतुर, मोठी फुलपाखरं, सरडे यांच्यासाठी जवळ फोकस करणारी टेलिझूम हीच खरी मॅक्रो लेन्स, असं माझं मत आहे. आंबोलीला पावसात हिरव्या चापड्याचे फोटो काढायला जाणाऱ्यांनी तर १०० मिमी मॅक्रो बॅगेतच ठेवावी. विषारी सापासमोर १३ सेंमीवर लेन्स नेणं हा छायाचित्रणाचा प्रश्नच नाही. कासच्या पठारावरही हेच, कारण वेगळं: पायवाट न सोडता फुलं टिपायची तर लांब लेन्सच हवी. एक सेंटिमीटरच्या ‘सीतेच्या आसवां’साठी आजूबाजूची शंभर फुलं पोटाखाली चिरडण्यात काही शहाणपण नाही.

लेन्सवर ‘मॅक्रो’ लिहिलंय म्हणून ती १:१ असेलच असं नाही. कॅननच्या आरएफ ३५ मिमी एफ/१.८ आणि आरएफ ८५ मिमी एफ/२ या दोन्ही ‘मॅक्रो’ लेन्स ०.५ पटीवर थांबतात. फुजीची एक्सएफ ६० मिमी एफ/२.४ तीच गत. झाइसची प्रसिद्ध माक्रो-प्लानार १०० मिमी एफ/२सुद्धा १:२ आहे. जुन्या टेलिझूमवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं ‘मॅक्रो’ तर बहुधा १:४ ते १:२ एवढंच असतं. निकॉन स्वतःच्या लेन्सना ‘मायक्रो’ म्हणते, त्यामुळे शोधताना तो शब्दही टाका. अर्ध्या पटीत वाईट काहीच नाही: फुल फ्रेमवर ७२ मिमी रुंदीची जागा येते. फुलं, दागिने, खाद्यपदार्थ, अंगठ्या, नाणी यांना ती पुरेशी आहे. मुंगीचा चेहरा हवा असेल तर मात्र नाही.

समोर किती जागा उरते?

किमान फोकस अंतर म्हणून जो आकडा छापतात, तो सेन्सरपासून मोजलेला असतो. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला आडवी रेघ मारलेलं छोटं वर्तुळ दिसतं ना, ते सेन्सरचं ठिकाण. या अंतरात कॅमेऱ्याची जाडी आणि अख्खी लेन्स येते. आपल्याला हवं असतं ते उरलेलं, म्हणजे वर्किंग डिस्टन्स.

गणित सोपं आहे. किमान फोकस अंतरातून लेन्सची लांबी आणि माउंटपासून (लेन्स कॅमेऱ्यावर जिथे बसते ती कडी, कंपनीगणिक वेगळी) सेन्सरपर्यंतचं अंतर वजा करा. हे माउंटचं अंतर कॅनन ईएफला ४४ मिमी, निकॉन एफला ४६.५, सोनी ईला १८, निकॉन झेडला १६, एल माउंट आणि कॅनन आरएफला २०. कॅनन ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल घ्या: ३००मधून ४४ आणि १२३ गेले, उरले १३३ मिमी. निकॉन झेड एमसी १०५: २९०मधून १६ आणि १४० गेले, उरले १३४. सिग्मा १०५ डीजी डीएन आर्ट साधारण १४०. सोनी एफई ९० साधारण १३०. ही चारही सारख्याच गटातली.

आता टॅमरॉनची मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठीची ९० मिमी, २०२४मध्ये आलेली. किमान फोकस अंतर ०.२३ मीटर. जाहिरातीत हा आकडा गुण म्हणून मिरवला जातो, ‘आणखी जवळ जा’. पण सोनी माउंटवर तिची लांबी १२६ मिमीच्या आसपास आहे, म्हणजे समोर उरतात साधारण ८५ मिमी. नावात ९० असलेल्या दोन लेन्समध्ये साडेचार सेंटिमीटरचा फरक. लेन्स म्हणून टॅमरॉन उत्तम आहे, पण बुजऱ्या किड्यांसाठी घेणार असाल तर हा फरक माहीत असू द्या. १:१ देणाऱ्या लेन्समध्ये किमान फोकस अंतर कमी असणं हा गुण नव्हे. मॅग्निफिकेशन तेवढंच, जागा मात्र गेली.

हे असं का होतं? साध्या भिंगाच्या नियमाने १:१ला वस्तू ते सेन्सर अंतर फोकल लेंथच्या चौपट असतं. १०० मिमीची लेन्स खरोखर १०० मिमी राहिली, तर ते ४०० मिमी हवं. ते ३०० आहे, याचा अर्थ जवळ फोकस करताना तिची खरी फोकल लेंथ ७५च्या आसपास येते. आतली भिंगं सरकवून फोकस करणाऱ्या जवळपास सगळ्या आधुनिक मॅक्रो लेन्स असंच करतात. त्यामुळे नावावरच्या मिलिमीटरवरून १:१ची जागा ओळखता येत नाही. वजाबाकी करावीच लागते.

एक अपवाद. फोकस करताना ज्यांची नळी पुढे येते त्या लेन्सना ही वजाबाकी जशीच्या तशी लागू होत नाही. निकॉनची डीएक्स ४० मिमी एफ/२.८ कागदावर ५ सेंमी जागा देईलसं वाटतं, प्रत्यक्षात १:१ला साडेतीन सेंमीच राहते. झेड एमसी ५० मिमीही अशीच बाहेर येते आणि ५६ मिमीच्या आसपास थांबते. साडेतीन सेंमीवर लेन्सची स्वतःची सावली वस्तूवर पडते, फ्लॅशचा उजेड पोचत नाही आणि किडा केव्हाच पानाखाली गेलेला असतो. हुड लावून ठेवायची सवय असेल तर आणखी दोन-चार सेंमी गेले. १:१ला हुड काढा. भिंगाला ओरखडा पडायची धास्ती असेल तर साधा फिल्टर चालेल.

बुजऱ्या किड्यांना १३ सेंमी ही कामचलाऊ मर्यादा धरा, त्याहून जास्त मिळालं तर उत्तमच. सिग्माची जुनी १५० मिमी किंवा निकॉनची एएफ-डी २०० मिमी एफ/४ जागाही जास्त देतात आणि पार्श्वभूमीही मोकळी ठेवतात, कारण दृश्यकोन अरुंद असल्याने मागचं गवत, काड्या, ऊन फ्रेममध्ये कमी शिरतात. लांब मॅक्रोचा हा फायदा मला जागेइतकाच मोलाचा वाटतो. पण वजन वाढतं, ट्रायपॉड कॉलर लागतो आणि हातात धरून रात्रभर फिरणं जड जातं.

छोट्या फोकल लेंथची बाजूही ऐका. कागदपत्रं, जुनी मोडी दफ्तरं, छायाचित्रं, पोस्टाची तिकिटं कॉपी स्टँडवर (कॅमेरा खाली तोंड करून धरणाऱ्या स्टँडवर) टिपायची असतील, तर १०० मिमी अडचणीची ठरते. ए-४ कागदाची लांब बाजू २९७ मिमी. फुल फ्रेमवर ती पूर्ण बसवायला लागतं साधारण ०.१२ पट. तेवढ्यासाठी १०० मिमी लेन्स कागदापासून ९० सेंमीच्या वर उभी करावी लागते. घरगुती स्टँड तेवढा उंच नसतो आणि उंच केला की थरथरतो. ५० मिमीला हेच काम ४५ सेंमीच्या आसपास होतं. मॅक्रो लेन्सचा दुसरा गुण इथे कामी येतो: सपाट कागद कडेपर्यंत सपाटच येतो, कोपऱ्यातली अक्षरं पसरत नाहीत. ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्ह कॅमेऱ्याने स्कॅन करायच्या असतील तर फुल फ्रेमला १:१ लागतं, एपीएस-सीला साधारण ०.६५ पट पुरतं. जिवंत विषय नसल्याने तिथे ४० ते ६० मिमीच बरी.

एफ/२.८ची भुरळ

एफचा आकडा म्हणजे ॲपर्चरचं, लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं. बहुतेक मॅक्रो लेन्स एफ/२.८च्या असतात आणि तो आकडा बघून लोक खूश होतात. १:१ला एफ/२.८ वापरून बघा: फुल फ्रेमच्या नेहमीच्या मापाने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, सुमारे ०.३ मिमी. कोळ्याचा एक डोळा सुरेख, दुसरा धूसर. एफ/८ला ती एका मिलिमीटरच्या जवळ जाते, एफ/११ला १.३ मिमी. २:१ला एफ/८वर ती ०.३६ मिमीवर घसरते. अर्ध्या पटीला मात्र एफ/८ पावणेतीन मिमीच्या वर देतं. किती मोठं हवंय हे जपून ठरवायचं ते यासाठी. थोडं मागे सरकून १:२ला टिपलेला आणि मग कापलेला फोटो अनेकदा १:१पेक्षा जास्त कामाचा निघतो.

मग ॲपर्चर आणखी बंद का करू नये? कारण जवळ गेल्यावर लेन्सवर लिहिलेला आकडा खरा राहत नाही. ढोबळ सूत्र: खरा आकडा म्हणजे लिहिलेला आकडा गुणिले एक अधिक मॅग्निफिकेशन. १:१ला एफ/२.८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/५.६, दोन स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एफ/११चं एफ/२२ आणि एफ/१६चं एफ/३२. एफ/३२ला विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका ०.०४ मिमीएवढा पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ते आडवे सात पिक्सेल. म्हणजे सगळं फोकसमध्ये, पण सगळं मऊ. १:१ला एफ/८ ते एफ/११, एपीएस-सीवर एफ/८च्या आसपास, आणि २:१ला एफ/५.६ ते एफ/८ यापुढे जाण्यात फायदा कमी, तोटा जास्त. निकॉनचे कॅमेरे जवळ जाताना हा बदललेला आकडा स्वतःच दाखवतात, त्यामुळे ‘माझी एफ/२.८ लेन्स एफ/४.८ का दाखवतेय, खराब आहे का’ असा प्रश्न वारंवार विचारला जातो. लेन्स ठणठणीत असते. कॅनन हा आकडा दाखवत नाही, पण उजेड तिथेही तितकाच जातो.

एफ/११ आणि वरून दोन स्टॉप उजेड कमी, म्हणजे आपल्या झाडीतल्या पावसाळी उजेडात हातातून १/२००ने फोटो निघणं अवघड. इथे लेन्सपेक्षा फ्लॅश महत्त्वाचा. पैसे मोजकेच असतील तर जुनी मॅक्रो लेन्स, साधा मॅन्युअल फ्लॅश आणि चांगला डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा) ही जोडी नव्या कोऱ्या महागड्या लेन्सला सहज मागे टाकते. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२००, एफ/११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश १/१६ ताकदीपासून सुरू करून वरखाली. फ्लॅश कमी ताकदीवर असला की त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो. हात हलल्याचा परिणाम तोच गोठवतो, शटर नव्हे. डिफ्यूझर लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आणा. वस्तूच्या जितका जवळ आणि तिच्या मानाने जितका मोठा, तितका उजेड मऊ. कोळ्याच्या डोळ्यांत किंवा भुंग्याच्या पाठीवर पांढरे ठिपके जळालेले दिसले तर डिफ्यूझर छोटा आहे किंवा दूर आहे. कॅमेऱ्यातला उघडणारा फ्लॅश इथे चालत नाही, लांब लेन्सची सावली थेट वस्तूवर पडते.

लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर (हात हलल्याची भरपाई करणाऱ्या यंत्रणेवर) फार विसंबू नका. कॅननच्या १०० मिमी एलवर कंपनी स्वतःच एरवी चार स्टॉप आणि १:१ला दोन स्टॉप असं सांगते, आणि ही लेन्स जवळच्या कामासाठी खास हायब्रिड आयएस घेऊन २००९मध्ये आली होती. शिवाय १:१ला मुख्य अडचण असते ती शरीर पुढेमागे डुलल्याची, आणि त्याला कोणताच स्टॅबिलायझर पुरेसा उपाय नाही. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर दिसतं, फ्रेम धरायला सोपं जातं, एवढा उपयोग खरा.

ऑटोफोकसचंही तसंच. अर्ध्या पटीपर्यंत तो कामाचा, पुढे डुलक्या घेतो. मॅग्निफिकेशन आधी ठरवा, फोकस मॅन्युअल करा, आणि कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवून अंग अगदी हळू पुढे न्या. डोळा स्पष्ट होताक्षणी बटण. लेन्सवर फोकस लिमिटरचं, म्हणजे फोकस ठरावीक अंतरापुरताच फिरू देणारं बटण आहे का ते मात्र घेताना बघाच. ते नसेल तर हुकलेला फोकस अनंतापर्यंत जाऊन परत येईतो चतुर दुसऱ्या काडीवर बसतो.

कोणत्या माउंटला काय

कॅननचा डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा असेल तर ईएफ १०० मिमी, एल किंवा तिच्याआधीची साधी यूएसएम. चित्राच्या दर्जात दोघींत उन्नीस-बीस. साधीला स्टॅबिलायझेशन आणि धूळ-पाणी अडवणारं सीलिंग नाही, समोरची जागा उलट थोडी जास्त, १४९ मिमी. एपीएस-सीवर ईएफ-एस ६० मिमी हलकी आणि स्वस्त, पण जागा ९ सेंमीच्या आसपास, आणि पुढे फुल फ्रेमवर ती बसत नाही. आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेरेवाल्यांनीही ईएफ १०० एल अडॅप्टरवर लावायचा विचार जरूर करावा, ती तिथे पूर्ण कामं करते. नवी आरएफ १०० मिमी १.४ पटीपर्यंत जाते, हे आकर्षण खरं आहे. पण तिच्यात फोकस शिफ्ट आहे. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर केलेला फोकस एफ/५.६ किंवा एफ/८ला थोडा सरकतो. जवळच्या कामात हे डोळ्यांना दिसतं. उपाय म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू दाबून, प्रत्यक्ष वापरायच्या ॲपर्चरवर हाताने फोकस करणं.

निकॉन झेडला एमसी १०५ एस. ६३० ग्रॅम, फिल्टर ६२ मिमी, तक्रारीला जागा नाही, फक्त झेडचे टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारे जोड) तिला बसत नाहीत. (कॅननच्या आरएफ १००लाही आरएफ एक्स्टेंडर, म्हणजे कॅननचे तसेच जोड, बसत नाहीत.) जुन्या एफ माउंटची एएफ-एस १०५ व्हीआर एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकससह चालते. एएफ-डी लेन्स मात्र चालत नाहीत, म्हणजे त्यांचा ऑटोफोकस बंद, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांनाही हाच नियम. टॅमरॉनची जुनी लोकप्रिय ९० मिमी निकॉनसाठी दोन प्रकारांत मिळते, मोटर असलेली आणि नसलेली; वापरलेली घेताना विक्रेत्याला नेमकं विचारा. हाताने फोकस करणार असाल तर मोटर नसलेली स्वस्तात पडते आणि काही बिघडत नाही.

सोनीवाल्यांपुढे तीन चांगले पर्याय. सोनीची स्वतःची एफई ९० जी २०१५ची, स्टॅबिलायझेशन आहे आणि फोकस रिंग मागे ओढली की लगेच मॅन्युअल होते. सिग्मा १०५ काचेच्या बाबतीत अव्वल, ॲपर्चर रिंगही आहे, पण स्टॅबिलायझेशन नाही. टॅमरॉन ९०लाही नाही. ए६०००, ए६१००, ए६३००, ए६४०० या कॅमेऱ्यांत सेन्सरचं स्टॅबिलायझेशन नसतं, तेव्हा फ्लॅशशिवाय काम करायचं असेल तर त्यांना ९० जी. फ्लॅशवर काम करणार असाल तर सिग्मा.

फुजीची ८० मिमी सुंदर पण ७५० ग्रॅमची, छोट्या कॅमेऱ्यावर पुढे झुकते. मायक्रो फोर थर्ड्सची ६० मिमी एफ/२.८ फक्त १८५ ग्रॅम, सील केलेली, १:१. रात्री जंगलात एका हातात टॉर्च आणि एका हातात कॅमेरा धरणाऱ्याला याहून सोयीची जोडी मला दिसत नाही. ओएम सिस्टिमची २०२३मधली ९० मिमी एफ/३.५ थेट २:१ देते.

लाओवाच्या १०० मिमी २एक्ससारख्या लेन्सचं कौतुक ऐकून घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: आपल्या माउंटच्या आवृत्तीत ॲपर्चर कॅमेऱ्यातून चालतं की रिंगने. रिंगने चालत असेल तर एफ/११ला आरशाच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर काळोखा होतो. फोकससाठी वेगळा छोटा दिवा बांधावा लागतो. कॅमेऱ्यातलं ऑटोमॅटिक फोकस ब्रॅकेटिंगही (फोकस थोडा थोडा सरकवत ओळीने फोटो काढणं) अशा लेन्सवर होत नाही. एकावर एक फ्रेम रचून, म्हणजे स्टॅकिंग करून फोटो बनवायचे असतील तर हे महत्त्वाचं. १:१ला एफ/५.६वर डेप्थ ऑफ फील्ड ०.६७ मिमी, ६ मिमी खोलीच्या किड्यासाठी फ्रेम एकमेकींवर थोड्या चढवत नेल्या तर १२-१५ लागतात. वारा पडलेला आणि किडा झोपलेला असताना, पहाटे, हे हातातूनही जमतं. दुपारी विसरा.

कॅननची एमपी-ई ६५ मिमी, १ ते ५ पट, पहिली मॅक्रो म्हणून कुणीही घेऊ नये. तिला फोकस रिंग नाही, अनंतावर फोकस नाही, ५ पटीला समोर ४१ मिमी जागा, आणि तिथे एफ/२.८ प्रत्यक्षात जवळपास एफ/१७ होतं. १:१वर हात बसल्यावर, त्याने भूक भागत नसेल तर.

आधी स्वस्तातला प्रयोग

मॅक्रो आपल्याला आवडतं का हेच ठरत नसेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० घ्या. ८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) हे चिमट्यासारखं बसणारं भिंग ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या लेन्सवर चढतं. त्याची फोकल लेंथ १२५ मिमी, म्हणून लेन्स अनंतावर ठेवली तर मॅग्निफिकेशन म्हणजे लेन्सची फोकल लेंथ भागिले १२५. ५५-२५० किट झूमच्या १०० मिमीला ०.८ पट, २५०ला २ पट. समोरची जागा झूम कितीही फिरवला तरी १२ सेंमीच्या आसपास राहते. छोट्या फोकल लेंथला कोपरे काळे पडतात, ते स्वाभाविक. ‘+१०’ लिहिलेले एकाच काचेचे स्वस्त क्लोज-अप फिल्टर मात्र घेऊ नका. कडांना जांभळ्या-हिरव्या झालरी येतात, आणि त्या नंतर कॉम्प्युटरवर नीट निघत नाहीत.

एक्स्टेंशन ट्यूबमध्ये काच नसते, लेन्स फक्त सेन्सरपासून दूर जाते. वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. ५० मिमीवर ३६ मिमीची ट्यूब ०.७२ पट वाढवते, २५० मिमीवर तीच ट्यूब ०.१४. म्हणजे ट्यूब छोट्या लेन्सला, रेनॉक्स लांब लेन्सला. ट्यूबमध्ये इलेक्ट्रिकल पिना आहेत याची खात्री करा. बिनपिनांच्या ट्यूबवर आधुनिक लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यातून हलतच नाही.

वापरलेली घेताना

मॅक्रो लेन्स जुनी घ्यायला चांगल्या. यातली काच लवकर कालबाह्य होत नाही. धोका आपल्या हवेचा आहे. कोकण, गोवा, मुंबई, घाटमाथा इथे चार महिने कपाटात पडलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, आणि नळी बाहेर येणाऱ्या लेन्स दर वेळी दमट हवा आत ओढतात. दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरपा मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सगळीकडे दुधाळ पडदा म्हणजे हेझ. चार-दोन धुळीचे कण सोडून द्या. निकॉन एफच्या लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्यावर ॲपर्चर मिटवून बसतात, त्यांची मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून पाती उघडा. पातींवर तेलाचे डाग असतील तर त्या आळसावतात आणि फोटो उजळ येतात.

मग कॅमेऱ्यावर लावून फोकस रिंग १:१पासून अनंतापर्यंत फिरवा. मधेच अडखळली किंवा खरखरली तर नको. स्टील पट्टी ४५ अंशात तिरपी ठेवून एका खुणेवर उघड्या ॲपर्चरवर ऑटोफोकसने पाच-सहा फोटो घ्या. दर वेळी वेगळीच खूण स्पष्ट आली तर मोटर दमलेली आहे. स्टॅबिलायझेशन असेल तर शटर अर्धं दाबून कान लावा. हलकी घरघर चालेल, टकटक आणि व्ह्यूफाइंडरमध्ये उडी मारणारं चित्र चालणार नाही. शेवटी सपाट भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून एफ/५.६ला एक फोटो: चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं सारखी स्पष्ट यायला हवीत. एकच कोपरा धूसर असेल तर आधी कॅमेरा भिंतीला समांतर करून पुन्हा काढा. तरीही तोच कोपरा धूसर राहिला, तर आतलं भिंग कललेलं आहे. लेन्स कधीतरी पडलीय, आणि विक्रेत्याने किंमत कितीही कमी केली तरी ती परत करा.